भिवंडीची कादंबरी कुठल्या भाषेत?

मे १९७०च्या दंगलीनंतर बलराज साहनी भिवंडीत गेले, तेव्हा धाकटा भाऊ भीष्मही सोबत होता. जळालेली घरं आणि बंद पडलेले माग पाहताना भीष्म साहनींना मार्च १९४७च्या दंगलीतलं रावळपिंडी आठवलं. दिल्लीला परतल्यावर ते लिहायला बसले, तर कागदावर भिवंडीऐवजी रावळपिंडीच उतरू लागलं. ‘तमस’ची सुरुवात ही अशी झाली. १९७५ साली या कादंबरीला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि पुढे गोविंद निहलानींनी दूरदर्शनसाठी तिच्यावर मालिका केली.

साहनींच्या घरात बोलली जायची ती पंजाबी. भीष्मजींनी लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजातून एम.ए. केलं ते इंग्रजीत, दिल्लीत प्राध्यापकी केली तीही इंग्रजीची. कादंबरी मात्र हिंदीत. रावळपिंडीची माणसं प्रत्यक्षात जे पंजाबीत बोलली असती, ते त्यांनी बरंचसं हिंदीत आणलं आणि वाचकांनी ते बिनतक्रार स्वीकारलं. पुढे ‘तमस’चा इंग्रजी अनुवादही त्यांनी स्वतःच केला. थोरल्या भावाची तऱ्हा वेगळी. शांतिनिकेतनात शिकवत असताना ‘पंजाबीत का लिहीत नाहीस?’ असं खुद्द रवींद्रनाथांनी बलराजना टोकलं होतं. पुढे ते पंजाबीत लिहू लागले. एका घरातले दोन भाऊ दोन भाषांत लिहीत होते आणि दोघांचंही काही अडलं नाही.

मराठी घरातला कुणी इंग्रजीत कथा-कादंबरी लिहू लागला, की आपल्याकडे त्याच्या निष्ठेची चौकशी सुरू होते. किरण नगरकरांना हे चांगलंच भोवलं. शालेय शिक्षण बहुतेक इंग्रजीतून झालेल्या या माणसाने पहिली कादंबरी लिहिली ती मराठीत : ‘सात सक्कं त्रेचाळीस’, १९७४ साली. ‘रावण अँड एडी’ही त्यांनी मराठीतच लिहायला घेतली होती. ती बरीच वर्षं बाजूला पडली आणि अखेर १९९५ साली इंग्रजीत आली. माझगावच्या सीडब्ल्यूडी चाळीतला मराठी रावण आणि वेगळ्या मजल्यावरचा गोवेकर ख्रिस्ती एडी. त्या दोन मजल्यांचं बोलणं, जेवण, देव सगळंच निराळं. ही चाळ मराठीत लिहिली असती तर एडीच्या घरातलं बोलणं उसनं वाटलं असतं. इंग्रजीत लिहिली म्हणून रावणाच्या घरातलं वाटतं. कुणाच्या तरी घरात भाषांतर होणारच होतं. नगरकरांवर बाजू बदलल्याचा ठपका ठेवणाऱ्यांनी हा हिशेब कधी मांडलाच नाही. पुढे ‘ककल्ड’साठी त्यांना २००० सालचा अकादमी पुरस्कार मिळाला, तो इंग्रजीच्या रकान्यात.

आता भिवंडीचा एखादा लूमचा कारखाना घ्या. पत्र्याखाली मागांची रांग, धोटा इकडून तिकडे सुटतोय, आणि त्या खटखटाटात शेजारच्या मागावरच्याला काही सांगायचं तर कानाशी ओरडावं लागतं, नाहीतर हातवारे करावे लागतात. कारागीर पूर्वांचलातला, घरी फोनवर भोजपुरी बोलणारा. कांडी भरणारी बाई पद्मानगरची, तिची तेलुगू. मेहताजी वहीत तागे मांडतात ते हिंदीत, मालक घरी उर्दू बोलतो, जागेचा मूळ मालक आगरी. २०११च्या जनगणनेत सात लाखांवर भरलेलं हे शहर असं पाच-सहा भाषांत एकदम बोलतं. त्याची अस्सल मराठी कादंबरी उद्या कुणी लिहिली, तरी निम्मेअधिक संवाद अनुवादितच असणार. उर्दूत लिहिली तरी तेच आणि इंग्रजीतही तेच.

म्हणून ‘परक्या भाषेत आपली माणसं कशी बोलतील?’ हा आक्षेप इंग्रजीपुरताच राखून ठेवण्यात अर्थ नाही. शिवाय २०११च्या जनगणनेत इंग्रजी ही मातृभाषा सांगणारे देशभरात जेमतेम अडीच लाख भरले. म्हणजे भारतात इंग्रजी कथा-कादंबरी लिहिणारे जवळपास सगळेच घरी दुसरं काहीतरी बोलत मोठे झालेले. अकादमीने इंग्रजीचा पहिला पुरस्कार १९६० साली दिला तो ‘द गाइड’ला, म्हणजे आर. के. नारायण या तमिळभाषकाला.

उलट्या वाटेनेही माणसं गेली आहेत. विलास सारंग मुंबई विद्यापीठात इंग्रजी शिकवायचे आणि मराठी-इंग्रजी दोन्हींत कथा लिहायचे. शांता गोखले इंग्लंडात शिकून आल्या, वर्तमानपत्री लेखन इंग्रजीत केलं, पण ‘रीटा वेलिणकर’ आणि ‘त्या वर्षी’ या कादंबऱ्या मराठीत लिहिल्या आणि मग स्वतःच इंग्रजीत नेल्या. भाषेची निवड जन्मदाखल्यावरून होत नाही, त्या त्या पुस्तकापुरती होते, हे या दोघांकडे पाहिलं तरी दिसतं.

इंग्रजीत लिहिणाऱ्यावर घ्यायचा खरा आक्षेप वेगळा आहे, आणि तो खडसावूनच घ्यावा. पुष्कळदा हा लेखक भिवंडीच्या, माझगावच्या माणसासाठी लिहीतच नाही. त्याच्या डोळ्यांसमोर विमानतळावर पुस्तक चाळणारा परका वाचक असतो. मग वडापाव खाणारं पात्र वडापाव म्हणजे काय ते सांगत बसतं, आजी सणाचं महत्त्व समजावते आणि रिक्षावाला तत्त्वज्ञान सुनावतो. मराठीत लिहितानाही लेखक गावाकडची माणसं शहरी वाचकाला अशीच समजावून सांगतात, पण इंग्रजीत बाजार मोठा म्हणून मोहही मोठा. नगरकरांनी हा मोह बराच टाळला. चाळीतल्या नळावरची भांडणं कशी चालतात याचा खुलासा ते मोकळेपणाने करतात, पण त्यातली टवाळी चाळीत राहिलेल्यालाच पुरती कळते.

भिवंडीतल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून आता कारागिरांची, मेहताजींची मुलंमुली शिकत आहेत. त्यांच्यातली एखादी उद्या कादंबरी लिहायला बसेल. घरी तेलुगू, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी आणि सरकारी कागदावर मराठी. तिने कोणती भाषा घ्यावी, हे तिलाच ठरवू द्यावं. तिच्या पुस्तकाला मराठी वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत जागा मिळेल का, हे ठरवणं मात्र आपल्या हातात आहे. महाराष्ट्रात राहून इंग्रजीत लिहिणाऱ्यांची पुस्तकं या पुरवण्यांत येतात ती बहुधा पुरस्काराची बातमी झाल्यावर. ‘रावण अँड एडी’चा रेखा सबनीसांनी केलेला मराठी अनुवाद आहे, त्यावर आपल्याकडे किती बोललं गेलं?