अनाथाश्रमाच्या ओसरीवरील दंतसेवा

पावसाळा ओसरून नोव्हेंबर उजाडला की कंबोडियातील सीएम रीप शहराच्या परिसरात पाहुण्यांचा राबता सुरू होतो. अंगकोरची देवळे पाहण्यास येणाऱ्या प्रवाशांबरोबर काही पथके एक-दोन आठवड्यांच्या बोलीने सेवेसाठीही येतात, आणि त्यांचा मुक्काम बहुधा एखाद्या अनाथाश्रमाकडे वळतो. अशा पथकांत परदेशांतील दंतवैद्य असतात, दंतशास्त्राचे विद्यार्थी असतात, आणि दंतवैद्यकाशी ज्यांचा सुतराम संबंध नाही असे हौशी मदतनीसही असतात. ओसरीवर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या जातात, कपाळाला दिवे बांधले जातात, मुले रांगेने बसतात. बरेच दात काढले जातात, थोडे भरले जातात, प्रत्येक मुलाच्या हाती नवा ब्रश आणि पेस्टची नळी पडते. शेवटच्या दिवशी मुले गाणे म्हणतात, छायाचित्रे निघतात आणि पथक विमानतळाकडे रवाना होते. या साऱ्यात कोणाचा हेतू वाईट असतो असे नाही. किंबहुना हेतू चांगला असतो म्हणूनच या व्यवहाराचा जमाखर्च मांडण्यास सहसा कोणी धजत नाही.

तो मांडावयाचा तर पहिली नोंद जमेच्या बाजूस केली पाहिजे. मुलांचे दुखणे खरे आहे. कंबोडियातील २०११ च्या राष्ट्रीय पाहणीत सहा वर्षांच्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांचे दुधाचे दात किडलेले आढळले. एकेका मुलाच्या तोंडात असे दात सरासरीने नऊच्या घरात होते. दुधाचे दात तसेही पडायचेच, ही समजूत जगभर आहे आणि महाराष्ट्रातही ती कमी नाही. पण रात्रभर ठणकणारा दात मुलाला झोपू देत नाही, चावून खाऊ देत नाही आणि शाळेत लक्ष लागू देत नाही. ख्मेर रूज राजवटीने १९७५ ते १९७९ या चार वर्षांत शिकलेल्या वर्गाचा जो संहार केला, त्यातून फारच थोडे दंतवैद्य बचावले. नंतर नवी पिढी तयार झाली, पण तिचा ओढा साहजिकच शहरांकडे राहिला. खेड्यांत गोड पेये आणि बिस्किटे पोहोचली, दंतवैद्य मात्र पोहोचला नाही. अशा मुलाचा ठणका पाच मिनिटांत थांबवणाऱ्या माणसाचे उपकार नाकारण्याचे कारण नाही.

प्रश्न आहे तो खुर्ची कोठे मांडली, हा. ती गावातल्या शाळेत मांडली जात नाही, सरकारी आरोग्यकेंद्रातही नाही. अनाथाश्रमाच्या कुंपणाआत मांडली जाते. आणि तेथेच या सेवेचा अर्थ बदलतो.

कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत अनाथाश्रमांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. यादवी युद्ध संपून बराच काळ लोटला होता, देशाचे राष्ट्रीय उत्पन्न वाढत होते. पोरक्या मुलांची संख्या एकाएकी वाढावी असे या काळात काही घडले नव्हते. वाढले होते ते पर्यटन. याच सुमारास झालेल्या पाहण्यांतून असे दिसून आले की, या संस्थांतील दर चार मुलांपैकी जवळजवळ तिघांचे आई किंवा वडील हयात आहेत. पुढे युनिसेफच्या साह्याने सरकारने केलेल्या मोजणीत ४०६ निवासी संस्थांत १६,५७९ मुले आढळली. मागणी वाढली की पुरवठा वाढतो, हा बाजाराचा साधा नियम येथेही लागू पडला. फरक एवढाच की मागणी अनाथ मुलांना भेटू इच्छिणाऱ्या परदेशी पाहुण्यांची होती आणि पुरवठा गरीब शेतकऱ्यांच्या मुलांचा होता.

या मुलांच्या आईबापांना निर्दय ठरवणे सोपे आहे. त्यांच्या जागी उभे राहून विचार करणे तितके सोपे नाही. भातशेतीचा एक लहान तुकडा, सावकाराचे किंवा सूक्ष्म वित्तसंस्थेचे कर्ज, थायलंडच्या सीमेपलीकडे मजुरीला गेलेला नवरा, आणि घरात चार तोंडे. अशा बाईला कोणी सांगतो की तिकडे दोन वेळचे जेवण आहे, इंग्रजी शिकवतात, वर्षातून एकदा परदेशी डॉक्टर येऊन दातसुद्धा बघतात. तिने मूल पाठवले तर तो तिचा हिशेबी निर्णय असतो. जी सेवा घरी राहून मिळत नाही, ती मूल देऊन मिळते. म्हणजे दात काढण्याच्या सेवेची किंमत मूल मोजत नाही आणि पाहुणाही मोजत नाही. ती आई मोजते, आणि मुलाच्या वियोगाच्या रूपाने मोजते. पथकाच्या जमाखर्चात ही रक्कम कोठेच दिसत नाही. मुलाच्या तोंडात सुई टोचण्यास संमती कोणाची घ्यावयाची, हा प्रश्नही त्यामुळेच अवघड होतो: कागदावर सही संस्थेच्या अधीक्षकाची असते आणि आई तीस-चाळीस मैलांवर भात लावीत असते.

आता खुद्द उपचाराविषयी. शिबिराची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. मोतीबिंदूच्या शिबिरांनी या राज्यात असंख्य माणसांना दृष्टी दिली आहे. पण मोतीबिंदूची शस्त्रक्रिया एकदा नीट झाली की त्या डोळ्यापुरता तो प्रश्न बहुधा कायमचा मिटतो. दातांच्या किडीचे तसे नाही. साखर, जंतू आणि वेळ या तिघांच्या रोजच्या भागीदारीतून ती निर्माण होते. आज चार दात काढून गेलेल्या पथकाला पुढील वर्षी त्याच मुलाच्या तोंडात आणखी चार किडलेले दात सापडतील. शिवाय वेळ थोडा आणि रांग लांब असली की भरण्याऐवजी काढण्याकडे कल होतो. जखम चिघळली, रक्त थांबले नाही, तर तिसऱ्या दिवशी मुलाने कोणाकडे जायचे? जेथे वीज बेभरवशाची आहे तेथे अवजारे नीट निर्जंतुक होतात की नाही, हाही तात्त्विक मुद्दा नव्हे. २०१४ च्या अखेरीस बट्टम्बांग प्रांतातील रोका या गावी दोनशेहून अधिक लोकांना एचआयव्हीची लागण झाल्याचे उघडकीस आले. तो प्रकार परदेशी पथकाचा नव्हता, दातांचाही नव्हता. विनापरवाना वैद्यकी करणाऱ्या एका स्थानिक माणसाच्या सुयांचा होता. पण निर्जंतुकीकरणातील हयगय केवढ्याला पडते ते त्याने दाखवून दिले. आणि परवान्याचा विषय निघालाच आहे तर हेही नमूद करावयास हवे, की दंतमहाविद्यालयात प्रवेशही न मिळालेल्या उमेदवारांनी परदेशात जाऊन रुग्णांवर काय करू नये, याची मार्गदर्शक तत्त्वे अमेरिकेतील दंतशिक्षण संघटनेला काढावी लागली. स्वदेशी जे करण्यास कायद्याची बंदी आहे, ते दुसऱ्या देशातील गरिबाच्या तोंडात करणे ही सेवा कशी ठरते?

वास्तविक स्वस्त आणि टिकाऊ उपाय ठाऊक नाहीत असे नाही. विजेवाचून, केवळ हातातील अवजारांनी कीड खरवडून दात भरण्याची पद्धत १९८० नंतरच्या दशकात टांझानियात विकसित झाली. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाच्या द्रावणाचा थेंब लावून कीड जागीच रोखता येते. त्यासाठी इंजेक्शन लागत नाही, यंत्र लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हे द्रावण आणि फ्लोराइडयुक्त पेस्ट या दोहोंना आवश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. फिलिपाइन्समध्ये शाळेतच रोज हात धुणे आणि फ्लोराइड पेस्टने दात घासणे असा साधा कार्यक्रम सुरू झाला, आणि पुढे तो कंबोडियातील काही शाळांतही नेण्यात आला. न्यूझीलंडने तर १९२१ पासूनच शाळांसाठी दंतपरिचारिका शिकवून तयार केल्या. पूर्ण दंतवैद्याची वाट पाहत बसण्याची त्या देशाला गरज भासली नाही.

मग पैसा आणि उत्साह या मार्गाने का जात नाही? उत्तर ग्राहक कोण आहे यात दडले आहे. अल्पकालीन सेवायात्रेचा खरा ग्राहक ओसरीवर बसलेले मूल नसून विमानाचे तिकीट काढून आलेला स्वयंसेवक आहे. अनुभव त्याने विकत घेतलेला असतो. पेस्ट घेऊन रोज दात घासणाऱ्या तीनशे मुलांच्या शाळेत त्याला करण्यासारखे काही उरत नाही. आणि वर उल्लेखिलेल्या त्या गुणकारी द्रावणाने किडीची जागा काळी पडते, म्हणजे छायाचित्रही चांगले येत नाही! एका पथकाचा प्रवासखर्च एखाद्या प्रांतातील दंतपरिचारिकांच्या प्रशिक्षणास दिला असता तर काय झाले असते, हा वैकल्पिक खर्चाचा प्रश्न अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही विचारील.

यावर प्रतिवाद केला जातो तो असा की, प्रवासाचा आनंद काढून घेतला तर हा पैसा मुळी येणारच नाही; तो वर्गणीदार नव्हे, प्रवासी आहे. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. १९६८ मध्ये मेक्सिकोतील कुएर्नावाका येथे इव्हान इलिच यांनी अमेरिकन विद्यार्थी-स्वयंसेवकांना तोंडावर सांगितले होते, की पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. इलिच यांचा हा निर्वाळा दंतवैद्यकाला जसाच्या तसा लावणे अन्यायाचे होईल. दात काढण्याचे कौशल्य हे निव्वळ सदिच्छेपेक्षा अधिक काही आहे. स्थानिक दंतशाळेच्या निमंत्रणावरून येणारी, तेथील विद्यार्थ्यांना हाताशी धरून काम करणारी आणि दरवर्षी त्याच तालुक्यात परतणारी पथकेही आहेत. त्यांची गणना या प्रकारात करू नये.

अनाथाश्रमांपुरते मात्र वारे फिरले आहे. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१७ मध्ये अनाथाश्रमांसाठी होणाऱ्या मुलांच्या व्यापाराला आधुनिक गुलामगिरीच्या चौकटीत आणण्याची शिफारस केली. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने अनाथाश्रमांतील स्वयंसेवेच्या अनिष्ट परिणामांची दखल घेतली. कंबोडिया सरकारनेही संस्थांतील मुलांना टप्प्याटप्प्याने घरी पोहोचवण्याचे धोरण स्वीकारले, काही संस्था बंद केल्या.

परंतु घरी परतलेल्या त्या मुलाचे दात तेच आहेत. अनाथाश्रमात वर्षातून एकदा का होईना, कोणी ते पाहत होते. आता त्याच्या गावच्या आरोग्यकेंद्रात दंतपरिचारिका नसेल आणि शाळेत पेस्टची नळी नसेल, तर आईजवळ राहण्याची किंमत म्हणून त्याला तो ठणका सोसावा लागेल.