गणित सोडू नका



दहावीचा निकाल लागला की घरोघर खल सुरू होतो. मुलगा म्हणतो, "विज्ञानाला जातो, पण गणित नको." मुलीच्या बाबतीत तर घरचेच म्हणतात, "पोरीला गणित कशाला?" हा निर्णय घाईने घेऊ नका.

पाणी वर चढवायला शक्ती लागते, हे विज्ञान सांगते. ती किती लागते, हे गणित सांगते. समजा, विहिरीचे पाणी सेकंदाला ५ लिटर या वेगाने ३० मीटर उंच चढवायचे आहे. ५ गुणिले ३० म्हणजे १५०. त्याला ७५ने भागले की २ अश्वशक्ती. निम्मी शक्ती वाया जाते असे धरले, तर ४ लागेल. म्हणून ५ची मोटार घ्यायची. पाइपाचेही तसेच. दोन इंचीपेक्षा चार इंची पाइपाचे तोंड दुप्पट नव्हे, चौपट मोठे असते, कारण ते व्यासाच्या वर्गाने वाढते. शाळेत शिकलेला वर्ग तो हाच. पूल, धरण, यंत्र या सगळ्यांचे शिक्षण याच पायावर उभे आहे.

सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे गणित शिकले आणि शेतीच्या कामी आले. पूर्वी पिकाचा अंदाज नजरेने बांधत. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी शेते निवडायची, ठरावीक तुकड्यातले पीक कापून तोलायचे आणि त्यावरून उत्पादन काढायचे, ही पद्धत देशात रुजविण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. आजच्या पीक विम्यातील कापणी प्रयोग त्याच धर्तीवर होतात. म्हणजे हे गणित आपल्या भरपाईपर्यंत पोचते.

म्हणून अकरावीला जीवशास्त्र घेतले तरी जमल्यास गणितही ठेवावे. अभियांत्रिकीच्या प्रमुख शाखांना ते लागतेच. कृषी पदवीला जीवशास्त्रावर प्रवेश मिळतो, पण तेथेही संख्याशास्त्र चुकत नाही.

मूल गणितात मागे असेल तर रागावू नका. बहुधा अपूर्णांक, शेकडेवारी आणि समीकरणे कच्ची राहिलेली असतात. सुट्टीत रोज पाच उदाहरणे सोडवून घ्या. घरचा हिशेबही त्याच्याकडे द्या. एकरी ४० किलो नत्र द्यायचे आणि युरियात नत्र शेकडा ४६, तर युरिया किती? उत्तर ८७ किलो, म्हणजे ४५ किलोच्या जवळजवळ दोन गोण्या. हे उत्तर मुलाने किंवा मुलीने काढू द्या. तुम्ही फक्त शेजारी बसा.