ग्राहकाच्या नावाने

२४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन. १९८६ साली याच तारखेला ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली. त्या निमित्ताने दरवर्षी ठिकठिकाणी सभा होतात, वजनमापातली फसवणूक कशी ओळखायची ते दाखवले जाते, छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेणाऱ्या दुकानदाराची तक्रार कुठे करायची ते सांगितले जाते. हे सारे हवेच. पण त्या कायद्याने दिलेल्या हक्कांपैकी एक असा आहे की तो घेऊन कुठल्याच ग्राहक आयोगाची पायरी चढता येत नाही. तो म्हणजे स्पर्धात्मक किमतीला, अनेक वस्तूंमधून आपल्याला हवी ती निवडण्याचा. २०१९ च्या नव्या कायद्यातही तो कायम आहे, अर्थात ‘शक्य असेल तेथे’ या जुन्याच पुस्तीसह. दुकानदाराने पाच रुपये जास्त घेतले तर दाद मागता येते. सरकारच्या एका अधिसूचनेने बाहेरचा माल थांबला, देशात तो माल बनवणारा एकच मोठा कारखानदार उरला आणि त्याने भाव चढवला, तर मात्र तक्रार कोणाविरुद्ध लिहायची हेच ग्राहकाला कळत नाही. बहुतेकदा आपण जास्त पैसे मोजतो आहोत, हेही त्याला कळत नाही.

हे कसे घडते ते पुणेकरांच्या एका पिढीने पुरते अनुभवले आहे. १९५६-५७ च्या परकीय चलनटंचाईनंतर आयातीचे निर्बंध आवळले गेले आणि तयार ग्राहकोपयोगी वस्तूंना देशाचे दार जवळपास बंद झाले. देशात माल बनवायचा तर परवाना हवा, किती बनवायचा तेही परवान्यात लिहिलेले. १९६९ च्या एमआरटीपी कायद्यानंतर मोठ्या उद्योगांना विस्तारासाठी दिल्लीची आणखी एक परवानगी लागू लागली. मक्तेदारी रोखण्यासाठी केलेल्या या कायद्याने कारखान्याची क्षमताच गोठवली. आकुर्डीला बजाजच्या कारखान्यात स्कूटर तयार होत होत्या, कंपनीची जास्त बनवण्याची तयारी होती, घेणारे तर लाखांनी होते. तरीही १९७२ मध्ये आलेल्या चेतकसाठी पुढे दहा-दहा वर्षे थांबणारी माणसे होती. अनामत भरून नाव नोंदवायचे आणि विसरून जायचे. मुलगा शाळेत असताना नोंदवलेली स्कूटर त्याच्या लग्नाच्या सुमारास हाती यायची. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला रांग नव्हती, त्यामुळे आखातात नोकरीला गेलेल्या भावाला किंवा मेव्हण्याला घरोघर मोठा मान होता. ज्याचा नंबर लागे, त्याने शोरूममधून काढलेली गाडी दुसऱ्याच दिवशी चढ्या भावाने विकली तर कोणाला आश्चर्य वाटत नसे.

वस्तूची खरी किंमत काय, हा प्रश्न इथे येतो. कागदावर चेतकची किंमत माफकच होती. पण त्यात दहा वर्षे सायकल मारत किंवा बसच्या दांड्याला लटकत कामावर जाण्याची किंमत धरलेली नव्हती, काळ्या बाजारातला ‘वरचा’ आकडा धरलेला नव्हता. गाडीत सुधारणा न होण्याची किंमत तर कोणीच मोजली नाही. रोज सकाळी स्कूटर एका अंगाला कलती करायची आणि मग किक मारायची, हा अख्ख्या देशाचा व्यायाम होऊन बसला होता. जगात दुसरीकडे स्कूटर अशी सुरू करावी लागत नाही, हे कळायला ऐंशीचे दशक अर्धे सरावे लागले. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली. बटण दाबले की सुरू होणारी, गिअर नसलेली. पुढच्याच वर्षी कमी पेट्रोलवर खूप धावणारी हीरो होंडाची मोटरसायकल आली. पाहता पाहता रांगा विरल्या. आणि ज्या कंपनीचे काय होणार म्हणून काळजी वाहिली जात होती, त्याच बजाजने २००१ मध्ये स्वतः विकसित केलेली पल्सर बाजारात आणली आणि पुढे देशोदेशी दुचाकी निर्यात केल्या. बंद दाराआड तीस वर्षांत जे झाले नाही, ते स्पर्धेने दहा-पंधरा वर्षांत करून घेतले.

या व्यवहारामागचे गणित मुंबईत जन्मलेल्या आणि सिडनहॅम महाविद्यालयात शिकलेल्या जगदीश भगवती यांनी १९६५ मध्येच मांडून ठेवले आहे. आयात शुल्क आणि आयातीवरची संख्येची मर्यादा वरवर सारखीच दिसतात. दोन्हींनी बाहेरचा माल कमी येतो. पण देशात एकच उत्पादक असेल तर दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. समजा, एखादी वस्तू जगात शंभर रुपयांना मिळते आणि आपण वीस टक्के शुल्क लावले. वाहतूक वगैरे बाजूला ठेवू. देशातला एकटा उत्पादक कितीही बलाढ्य असला तरी एकशेवीसच्या वर जाऊ शकत नाही. गेला तर गिऱ्हाईक बाहेरून मागवेल. शिवाय आयात झालेल्या मालावरचे शुल्क सरकारी तिजोरीत पडते, त्यातून एखादी शाळा तरी उभी राहू शकते. आता शुल्काऐवजी बंदी घाला. एकशेवीसचे छप्पर उडाले. उत्पादक एकशेचाळीस घेऊ शकतो, एकशेसाठही घेऊ शकतो, आणि वरची सगळी रक्कम त्याच्या खिशात जाते. साठ वर्षांपूर्वीचे हे विवेचन दिल्लीतल्या अधिकाऱ्यांना ठाऊक नाही असे मुळीच नाही. तरी बंदी पुन्हापुन्हा हवीशी वाटते, कारण शुल्काचा आकडा संसदेपुढे मांडावा लागतो, वर्तमानपत्रात छापून येतो. बंदीचा आकडा कुठेच छापला जात नाही.

बंदीची किंमत नेहमी रुपयांतच येते असेही नाही. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याच्या आणि सोन्याच्या आयातबंदीच्या काळात मुंबई आणि दुबईच्या भावांतल्या फरकावर कोकण किनाऱ्याला एक समांतर धंदा पोसला गेला. सोने, चांदी, घड्याळे, टेपरेकॉर्डर यांच्यासाठी खाडीखाडीत उतरण्याच्या जागा ठरल्या, होड्या ठरल्या, कोणाला किती हप्ता द्यायचा तेही ठरले. तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला, १९९२ मध्ये परदेशातून येणाऱ्या भारतीयांना सोने आणायची मुभाही मिळाली. वाटा आणि ओळखी मात्र उरल्या होत्या. १९९३ च्या सुरुवातीला रायगडच्या दिघी आणि शेखाडीला शस्त्रे आणि स्फोटके उतरली ती याच वाटांनी, आणि पुढे मुंबई बॉम्बस्फोट खटल्यात सीमाशुल्क खात्याच्या अधिकाऱ्यांना शिक्षा झाल्या. मुंबईच्या २५७ बळींचा हिशेब एकट्या आयातबंदीवर लावणे अन्यायाचे होईल. पण बंदीने लाचेची सवय लावून किनारा कसा पोखरला, हे महाराष्ट्राने विसरता कामा नये.

ही सगळी जुनी गोष्ट झाली असे वाटत असेल, तर इचलकरंजी किंवा भिवंडीत एक चक्कर मारावी. व्हिस्कोस हा लाकडाच्या लगद्यापासून होणारा तंतू. बाजारात त्याच्या कापडाला रेयॉन म्हणतात. मुलींच्या कुर्त्या, गाऊन, ओढण्या यांत तो सर्रास असतो. देशात हा तंतू मोठ्या प्रमाणावर बनवणारी कंपनी व्यवहारात एकच, ग्रासिम. मार्च २०२३ अखेर या तंतूवर गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू झाला. म्हणजे परदेशी कारखान्याने आधी भारतीय मानक ब्युरोचा परवाना घ्यायचा, त्यासाठी ब्युरोच्या माणसांनी तिथे जाऊन तपासणी करायची, आणि तोवर त्याचा माल बंदरातून आत यायचा नाही. तपासणीला माणसे गेलीच नाहीत तर? तर बंदी न घालता बंदी झाली. सूतगिरण्यांच्या संघटना ओरडत राहिल्या की देशातला तंतू जगाच्या भावापेक्षा महाग पडतो आहे. हा आदेश अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये मागे घेतला गेला. पॉलिएस्टर तंतू आणि सुतावरचे तसेच आदेशही त्याच सुमारास गेले. उशिरा का होईना, हे योग्य झाले.

मधल्या अडीच वर्षांत त्याची झळ कोणाला लागली? खर्चीवाल्या यंत्रमागधारकाचे उदाहरण घ्या. सूत व्यापाऱ्याचे, माग याचे; मजुरी ‘पिकावर’, म्हणजे कापडात आडवे किती धागे भरले त्या हिशेबाने. सूत महागले की व्यापारी हात आखडता घेतो, बीम कमी देतो. निम्मे माग उभे राहिले तरी गाळ्याचे भाडे आणि विजेचा स्थिर आकार थांबत नाही, आणि मजुरीचा दर वाढवून मागायची सोय नसते, कारण शेजारचा त्याच दराने काम करायला तयार असतो. त्यातही गंमत नव्हे, क्लेश असा की तयार कपडे २०११ पासून बांगलादेशातून शुल्काशिवाय येऊ शकतात, आणि ते शिवणारा तिथला कारखानदार तंतू, सूत, कापड जगात जिथे स्वस्त मिळेल तिथून आणतो. आपण कच्च्या मालाचे दार लावले आणि तयार मालाचे उघडे ठेवले. संरक्षण मिळाले एका कंपनीला. उघडे पडले ते हजारो माग आणि कुर्ती विकत घेणारी कॉलेजातली मुलगी.

मानके नकोत असे कोणी म्हणत नाही. लहान मूल खेळणे तोंडात घालते, म्हणून खेळण्यांच्या रंगात शिसे किती असावे यावर सरकारने करडी नजर ठेवलीच पाहिजे. कुकर, हेल्मेट, विजेची वायर यांचेही तेच. परंतु साडेसातशेहून अधिक वस्तूंवर असे आदेश निघतात आणि त्यांत कारखान्यात वितळवायचा किंवा कातायचा कच्चा माल येतो, तेव्हा ग्राहकाच्या सुरक्षिततेचे नाव घेऊन भलत्याचाच फायदा साधला जातो.

ग्राहकाच्या नावाचा असाच वापर उलट्या दिशेनेही होतो, आणि ते लासलगावला विचारावे. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली. शहरातल्या गृहिणीला कांदा स्वस्त मिळावा, हे कारण. लिलावात क्विंटलला चार हजारांच्या आसपास गेलेला भाव काही आठवड्यांत निम्म्याच्याही खाली आला. बंदी उठायला मे २०२४ उजाडला, तीही चाळीस टक्के निर्यात शुल्क आणि किमान निर्यात मूल्याची अट घालून. शुल्क पूर्ण जायला एप्रिल २०२५ यावा लागला. या काळात बांगलादेशासारखी हक्काची गिऱ्हाइके दुसरीकडे कांदा शोधू लागली. शेतकऱ्याचा माल स्वस्त व्हावा म्हणून ग्राहक आठवतो, आणि तंतू, रसायने, पोलाद महाग होते तेव्हा तोच ग्राहक कुणालाच दिसत नाही. आमच्या मते या साऱ्या प्रश्नाचे मूळ इथे आहे. कांदा पिकवणारे लाखो आहेत आणि विखुरलेले आहेत. तंतू बनवणारा एक आहे आणि त्याचा माणूस दिल्लीत भेटीची वेळ मिळवू शकतो. दार कोणत्या बाजूने लावायचे ते ग्राहकाच्या गरजेवर ठरत नाही, कोणाचा आवाज मंत्रालयापर्यंत पोचतो त्यावर ठरते.

मक्तेदार नेहमी मोठाच असतो असेही समजू नये. गोव्यात ॲपवरच्या टॅक्सीसेवांचा प्रश्न वर्षानुवर्षे अडलेला आहे; २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘गोवामाइल्स’लाही स्थानिक टॅक्सीमालकांनी कडाडून विरोध केला. त्यांची भीती खोटी नाही. खाणी दीर्घकाळ बंद राहिलेल्या राज्यात कर्ज काढून घेतलेली एक टॅक्सी म्हणजे अख्खे घर असते. पण स्पर्धा अडवल्याने चढ्या राहिलेल्या भाड्याचा भार फक्त पर्यटकावर पडत नाही. रात्री आजारी माणसाला घेऊन मडगावहून बांबोळीच्या इस्पितळात जाणारा गोंयकारही तेच भाडे देतो. त्या टॅक्सीवाल्याला सावरायचे तर कर्जात, विम्यात, परवाना शुल्कात उघडपणे सवलत द्यावी.

देशी उद्योगाला आधार देण्याला आमचा विरोध नाही. चीनसारखा देश अतिरिक्त माल मातीमोल भावाने जगात ओततो, तेव्हा हात बांधून बसणे आत्मघाताचे ठरेल. पण आधार द्यायचा तो शुल्काच्या रूपाने द्यावा, ठरावीक मुदतीसाठी द्यावा आणि किती दिला ते सांगावे. सोयाबीनचा भाव हमीभावाच्या खाली गेला असताना सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलावरचे आयात शुल्क वाढवले गेले. त्याने तेलाचा डबा महागला, हे खरे. तरी तो निर्णय उघड होता, आकड्यासह होता, त्यावर वाद घालता येत होता, आणि मे २०२५ मध्ये कच्च्या तेलावरचे शुल्क पुन्हा खाली आणताही आले. मराठवाड्यातला शेतकरी आणि दादरचा ग्राहक यांच्यात वाटणी कशी करायची, हा प्रश्न निदान सगळ्यांसमोर होता.

हा उघडपणा आणण्यासाठी नवा कायदा करायचीही गरज नाही. २००२ च्या स्पर्धा कायद्याचे कलम ४९ सरकारला एखाद्या धोरणाचा स्पर्धेवर काय परिणाम होईल याबाबत स्पर्धा आयोगाचे मत मागवण्याची मुभा देते. मत मागवणे ऐच्छिक आहे आणि ते सरकारवर बंधनकारक नाही. आयात रोखणारा प्रत्येक आदेश, मग त्याला बंदी म्हणा, मानक म्हणा की परवाना, निघण्यापूर्वी या आयोगाकडे गेला पाहिजे आणि आयोगाचे मत आदेशासोबतच प्रसिद्ध झाले पाहिजे. देशात त्या वस्तूचे उत्पादक किती, जगातला भाव काय, इथला काय, आदेश संपणार कधी, एवढ्या चार गोष्टी त्यात असाव्यात. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून घराघरांत एकत्रित खरेदीचे व्रत चालवते आहे. अशा संस्थांना आणि यंत्रमागधारकांच्या संघटनांना आयोगासमोरच्या सुनावणीत कारखानदारांच्या वकिलांशेजारी बसायला जागा मिळावी. निर्यातबंदीलाही हाच नियम लागू व्हावा, म्हणजे लासलगावचा शेतकरीही त्या टेबलाशी असेल. केंद्राने येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात ही तरतूद करावी, आणि ज्या वस्तूंवर असे आदेश आजही लागू आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करावी.