सोन्याच्या मुलाम्याचा धंदा

अमेरिकेत जुन्या सामानाच्या विक्रीत एक मखमली डबी हमखास सापडते. आत पन्नास राज्यांची पन्नास क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटची नाणी, प्रत्येकावर सोन्याचा मुलामा, सोबत ऐटबाज छापील प्रमाणपत्र. टीव्हीवरची जाहिरात बघून ज्याने ती विकत घेतली, त्याला सरळसरळ लुबाडलं आहे. त्या मुलाम्यातलं सोनं कवडीमोलाचं, आणि मुलामा चढलेलं नाणं संग्राहकाच्या लेखी बिघडलेलं नाणं. पंचवीस सेंटची चांगली वस्तू खराब करायची आणि वर खराब केल्याचे पैसे घ्यायचे, याला धंदा म्हणायची माझी तयारी नाही.

मला जास्त चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. १९९९ ते २००८ या दहा वर्षांत टाकसाळीने दरवर्षी पाच राज्यांची नाणी काढली, ज्या क्रमाने राज्यं संघात आली त्याच क्रमाने. ती काढली होती वापरासाठी. किराणा घेतला, सुटे परत आले, त्यात डेलावेअरचा घोडेस्वार निघाला, पोराने तो पुठ्ठ्याच्या नकाशात बसवला, खर्च शून्य. असा छंद दुसरा दाखवा! तो दलालांनी नासवला. डेलावेअरची ७७ कोटींहून जास्त नाणी पाडली गेली, तरी ‘दुर्मीळ’ म्हणून ती विकायला यांची जीभ अडखळत नाही.

आता व्हिडिओवाल्यांची टोळी आली आहे. १७७६–१९७६ असं दुहेरी साल आणि ढोलवाल्याचं चित्र असलेलं क्वार्टर म्हणे हजारो डॉलरचं! चलनासाठी ती १६० कोटींहून जास्त पाडली होती. खिशातून निघालेल्या घासलेल्या नाण्याचे पंचवीस सेंटच येतात. आपल्याकडे २०१२च्या वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये देतो म्हणणारे भामटे याच जातकुळीचे. आधी ‘शुल्क’ भरा म्हणतात, मग फोन बंद. रिझर्व्ह बँकेने २०२१मध्ये इशारा दिला, तरी लोक भरतातच.

चिल्लर चाळण्यात काही अर्थ नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. अर्थ आहे, पण डोळे उघडे हवेत. २०२१पर्यंतच्या बहुतेक क्वार्टरवर वॉशिंग्टनच्या चित्रात शेंडीमागे बारीक अक्षर असतं: पी म्हणजे फिलाडेल्फिया, डी म्हणजे डेन्व्हर. तिथे डब्ल्यू दिसला तर थांबा. २०१९ आणि २०२० या दोनच वर्षांत वेस्ट पॉइंटची क्वार्टर चलनात सोडली, दहा नमुने, प्रत्येकी फक्त वीस लाख. त्यांचे दर्शनी किमतीच्या कित्येक पट पैसे मिळतात. २००४च्या विस्कॉन्सिनवर गाय, चीज आणि मक्याचं कणीस आहे. डेन्व्हरच्या काही नाण्यांत कणसाच्या डाव्या बाजूला एक पान जास्तीचं उमटलं आहे, कुठे वर वळलेलं, कुठे खाली झुकलेलं. आणि कड बघा. तांब्याची लाल रेघ नसेल, कड पांढरी असेल आणि साल १९६४ किंवा त्याआधीचं असेल, तर हातात नव्वद टक्के चांदी आहे.

हे कळायला भिंग आणि थोडा अभ्यास पुरतो, मखमल लागत नाही. नातवंडांना भेट द्यायचीच असेल तर बँकेतून क्वार्टरचा रोल आणून द्या. दहा डॉलरला चाळीस नाणी. काहीच निघालं नाही तर तीच नाणी परत बँकेत भरा, दहाचे दहा डॉलर मिळतील. डबी विकणाऱ्याला विचारा, दहा वर्षांनी ती त्याच किमतीला परत घेशील का?