शर्यतीची सायकल आणि रोजची सायकल

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. देशोदेशींचे स्पर्धक पाच दिवसांत पुणे, पिंपरी-चिंचवड आणि जिल्ह्यातील घाटरस्ते मिळून चारशे किलोमीटरांहून अधिक अंतर धावले. त्यासाठी मार्गावरील खड्डे बुजविण्यात आले, रस्त्यांवर नवे डांबर पडले, आणि शर्यतीच्या वेळी इतर वाहतूक बाजूला काढण्यात आली. पुणेकरांनी दुतर्फा उभे राहून टाळ्या वाजविल्या. यात गैर काहीच नाही. एखाद्या शहराने खेळाचे स्वागत करावे, त्यासाठी खर्च करावा, हे त्या शहराच्या रसिकतेला साजेसेच आहे. परंतु या शर्यतीने एक गोष्ट निःसंशय सिद्ध केली. सायकलला रस्ता कसा लागतो, हे येथील प्रशासनास ठाऊक नाही असे आजवर मानले जात होते. ते त्यास उत्तम ठाऊक आहे. प्रश्न एवढाच उरतो, की ही जाण पाचच दिवस का टिकावी?

या प्रश्नाचा विचार करताना पुण्यातील सायकलस्वारांचे दोन वर्ग ध्यानात घेतले पाहिजेत. पहिला वर्ग हौशी खेळाडूंचा. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मध्यमवर्गीय पुणेकरांत ‘ट्रायथलॉन’ या क्रीडाप्रकाराचे आकर्षण वाढले आहे. पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे हे तिन्ही एका दमात पार पाडावयाचे, असा हा खेळ. ऑलिंपिकमध्ये तो २००० साली सिडनीत प्रथम आला. २०१९ साली गोव्यात मिरामारला १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे अशी स्पर्धा झाली, तेव्हापासून तर ही हौस पुण्याहून एका रात्रीच्या अंतरावर आली. बँकेतील अधिकारी, संगणक अभियंते, डॉक्टर, प्राध्यापक असे चाळिशी गाठलेले लोक तिची तयारी करतात. कोणी टिळक तलावात पोहतो, कोणी वेताळ टेकडीवर धावतो, आणि सायकलसाठी खडकवासला, बोपदेव किंवा कात्रज घाट यांची वाट धरतो.

हा मनुष्य पहाटे साडेचारला उठतो. पाचला रस्त्यावर असतो. लोकांना वाटते, ही शिस्त व्यायामाची. ती काही अंशी तशी आहेही. पण पहाटे बाहेर पडण्याचे खरे कारण उषःकालाचे प्रेम हे नसून नऊ वाजताच्या रहदारीचे भय हे आहे. पहाटेचा रस्ता अगदी निर्वेध असतो असेही नाही. कुत्र्यांच्या टोळ्या पाठीस लागतात, वाळूचे ट्रक भरधाव जात असतात, आणि दिवे बंद असलेल्या टप्प्यावर खड्डा चाकाखाली आल्यावरच कळतो. तरीही तो हाच प्रहर पसंत करतो. साडेसातला घरी परततो, सायकल गॅलरीतल्या खुंटीला टांगतो, आणि नऊ वाजता स्कूटर किंवा मोटार काढून कचेरीत जातो. नव्वद किलोमीटर सायकल चालविण्याची ताकद ज्याने कमावली आहे, त्याला आठ किलोमीटरांवरच्या कचेरीत सायकलने जाण्याचे धैर्य होत नाही. पुण्याच्या वाहतुकीची स्थिती सांगण्यास याहून वेगळा पुरावा नको.

दुसऱ्या वर्गाला खेळाडू म्हणून कोणी ओळखत नाही. रात्रपाळी संपवून निघालेला सोसायटीचा रखवालदार, वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा, बांधकामावर जाणारा गवंडी, बसचे पैसे वाचविणारा वसतिगृहातील विद्यार्थी. त्याच्या सायकलची किंमत हौशी खेळाडूच्या एका चाकाइतकीही नसते. पण दोघांतील महत्त्वाचा फरक किमतीचा नाही, वेळेचा आहे. हौशी स्वार आपला प्रहर निवडू शकतो. या दुसऱ्यास तो कामावरच्या मुकादमाने निवडून दिलेला असतो. ज्या वेळी रस्ता सर्वांत धोक्याचा, नेमक्या त्याच वेळी त्याने त्यावर असले पाहिजे. त्याच्या अंगात भडक रंगाचे जाकीट नसते, डोक्यावर शिरस्त्राण नसते, आणि मागचा दिवा कधीच निखळलेला असतो. एके काळी पुण्याचा पोलीस रात्री बिनदिव्याची सायकल पकडून दंड करीत असे, डबलसीट दिसले की शिट्टी मारीत असे. नगरपालिका सायकलवर कर घेऊन पितळी बिल्ला देत असे. जाच होता, पण सायकल दखल घेण्याजोगे वाहन आहे ही कबुलीही त्यात होती. आता बिनदिव्याची सायकल पोलिसाला दिसतच नाही. दुर्दैव असे, की ती मोटारवाल्यालाही दिसत नाही.

पुणे हे सायकलींचे शहर होते, हे वाक्य येथे इतक्या वेळा उच्चारले जाते, की त्याची आता स्मरणरंजनापलीकडे किंमत उरलेली नाही. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की सायकलींचा लोंढा पुलावरून शहरात येत असे, हे सांगणारे लोक आजही भेटतात. ते चित्र पालटले ते पुणेकर आळशी झाला म्हणून, असा एक सोपा निष्कर्ष काढण्यात येतो. तो टिकणारा नाही. १९७२ साली आकुर्डीची चेतक स्कूटर आणि फिरोदियांची लूना ही दोन्ही वाहने बाजारात आली. सायकलींच्या शहरानेच देशाला सायकल सोडण्याचे साधन पुरविले, हा इतिहासातील एक विनोद म्हणावा लागेल. पण लोकांनी ती घेतली याचे कारण शहर लांबत चालले होते. पेठांत राहून पेठांत नोकरी करणाऱ्याला दोन मैल पुरत. हडपसरला राहून हिंजवडीला जाणाऱ्याला ते पुरणार नाहीत. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावे सामील होऊन महापालिकेचे क्षेत्र पाचशे चौरस किलोमीटरांच्या पुढे गेले. बससेवा त्या मानाने वाढली नाही. मग प्रत्येकाने आपापली सोय पाहिली, आणि २०१८ मध्ये शहरातील नोंदणीकृत वाहनांची संख्या छत्तीस लाखांवर जाऊन तिने लोकसंख्येलाही मागे टाकले.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या ठिकाणी पिगू यांचे स्मरण होईल. १९२० च्या आपल्या ग्रंथात त्यांनी व्यक्तीला पडणारा खर्च आणि समाजाला पडणारा खर्च यांतील तफावत मांडली. मोटार चालविणारा पेट्रोलचे पैसे देतो. त्याच्या धुराचे, त्याने अडविलेल्या जागेचे आणि त्याने इतरांत निर्माण केलेल्या भयाचे पैसे तो देत नाही. ते दुसरा कोणी तरी देतो. पुण्यात ते सर्वांत अधिक सायकलस्वार देतो, आणि त्याच्याकडून या तफावतीत भर पडत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलवरील वस्तू व सेवा कर बारा टक्क्यांवरून पाचवर आला. निर्णय चांगलाच होता. पण त्याच वेळी साडेतीनशे सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरील कर अठ्ठावीसवरून अठरावर आला, हेही नमूद केले पाहिजे. शिवाय सायकल महाग आहे म्हणून लोक ती वापरीत नाहीत, असे येथे कधीच नव्हते. महाग आहे तो रस्ता.

महापालिकेने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. केंद्र सरकारच्या २००६ च्या नागरी वाहतूक धोरणाने वाहनांऐवजी माणसांच्या वहनाचा विचार करावा असे सांगितले. त्याच वर्षाच्या अखेरीस कात्रज-स्वारगेट-हडपसर जलद बसमार्ग सुरू झाला आणि त्याच्या कडेने सायकलमार्गही आखले गेले. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वसाधारण सभेने सर्वंकष सायकल आराखडा संमत केला. सुमारे ८२४ किलोमीटरांचे जाळे आणि सुमारे ३३५ कोटी रुपयांचा खर्च, असा त्याचा विस्तार होता. त्याच सुमारास भाड्याच्या सायकली आल्या. रंगीबेरंगी सायकली चौकाचौकांत उभ्या राहिल्या, वर्तमानपत्रांतून छायाचित्रे आली, आणि दोनेक वर्षांत बहुतेक कंपन्यांनी गाशा गुंडाळला. काही सायकली मोडल्या गेल्या, काही चोरीस गेल्या, हे खरे. पण भाड्याची सायकल घेऊन जावयाचे कोणत्या रस्त्याने, याचे उत्तर कोणी दिले नव्हते.

जे सायकलमार्ग झाले त्यांची आजची अवस्था पाहण्यास कोणत्याही समितीची गरज नाही. सातारा रस्त्याने किंवा पौड रस्त्याने अर्धा तास फिरले तरी पुरे. मार्ग सुरू होतो, विजेच्या डीपीपाशी थबकतो, बसथांब्यापाशी लुप्त होतो, पुढे पुन्हा प्रकटतो तो एखाद्या दुकानापुढील मोटारींच्या खाली. भारतीय रस्ते परिषदेने सायकलमार्गाच्या रचनेविषयीचे संकेत १९६२ सालीच प्रसिद्ध केले आहेत. तेव्हा ज्ञानाचा अभाव ही सबब चालणार नाही. पदपथाचा तुकडा काढून त्यास सायकलमार्ग म्हणावयाचे, आणि मग पादचारी व सायकलस्वार यांनी एकमेकांशी भांडत बसावे, हा प्रकार सोयीचा आहे, कारण त्यात मोटारीची एक इंचही जागा जात नाही.

जागा नाही, हा आक्षेप येथेच उपस्थित होतो. पुण्याचे रस्ते अरुंद आहेत, हे कोण नाकारील? परंतु रस्त्याच्या कडेला उभी असलेली एक मोटार साडेबारा चौरस मीटरांच्या आसपास सार्वजनिक जमीन अडविते, आणि बहुतांश ठिकाणी त्याबद्दल एक पैसाही देत नाही. २०१८ मध्ये सशुल्क वाहनतळाचे धोरण संमत झाले. त्याचा अंमल रेंगाळत राहिला. तेव्हा जागा नाही असे नसून, ती आधीच फुकट वाटून टाकलेली आहे असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

दुसरा आक्षेप असा, की सायकली चालवितोच कोण? मागणी नाही तेथे पुरवठा कशाला? मागणी मोजण्याची संधी २०२० च्या टाळेबंदीनंतर अनायासे मिळाली होती. रस्ते मोकळे होते, आणि दुकानांत सायकली शिल्लक राहिल्या नाहीत. मुले, गृहिणी, निवृत्त शिक्षक अशी मंडळी सायकलीवर दिसू लागली. रहदारी परतली तशा त्या सायकली गॅलरीत गेल्या. माणसे तीच होती, हवाही तीच होती. बदलला तो फक्त रस्ता.

तिसरा आक्षेप हॉलंडचे नाव काढताच येतो : तो देश सपाट, थंड आणि श्रीमंत. पण तेथेही सायकल परंपरेने टिकली नाही, ती भांडून परत मिळवावी लागली. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात तीन हजारांवर माणसे रस्त्यावर मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. पालक रस्त्यावर उतरले. १९७३ च्या तेलटंचाईत रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या, आणि मोटारीविना शहर कसे दिसते ते लोकांनी पाहिले. पुढची दोन-तीन दशके चिकाटीने मार्ग बांधले गेले. याचा अर्थ पुण्याने आम्स्टरडॅम व्हावे असा नाही. मे महिन्याच्या दुपारी दहा किलोमीटर सायकल हाकणे हे कोणालाही सुखाचे नाही, आणि बससेवा सुधारल्यावाचून लांबचा प्रवास सुटणार नाही. पण शाळा, मंडई, वाचनालय, जवळची कचेरी अशा तीन-चार किलोमीटरांच्या फेऱ्या सायकलने होऊ शकतात.

त्यासाठी ३३५ कोटींची वाट पाहण्याचेही कारण नाही. बऱ्याच गोष्टी अगदी क्षुल्लक आहेत. डांबराचे थर चढत जातात आणि चेंबरचे झाकण खाली राहते. स्कूटरला हा गचका, पण इंचभर रुंदीच्या टायरला तो अपघात. पावसाळी जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने बसविल्या की पुढचे चाक त्यांत अडकते. त्या आडव्या बसविण्यास अधिक पैसा लागत नाही. गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा असा संकेत असताना गल्लोगल्ली हातभर रुंदीचे उंचवटे उभे आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू आल्यास सहा लाख रुपये, आणि जखमी झाल्यास पन्नास हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई देण्याचा आदेश दिला. निदान हिशेबाच्या वहीत तरी खड्ड्याला आता किंमत आली आहे.

मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे पुण्यास निर्वाचित सभागृह नव्हते. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीने ते आले, आणि त्याच महिन्यात शर्यतही पार पडली. नव्या नगरसेवकांपुढे अंदाजपत्रके येतील, तेव्हा सायकलमार्गाच्या शीर्षकाखाली किती कोटी ठेवले एवढेच त्यांनी विचारू नये. डांबरीकरण पथ विभागाकडे आणि चेंबर मलनिस्सारणाकडे असल्याने झाकण पातळीत आणण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे आधी लेखी ठरवून घ्यावे. त्यानंतर एखाद्या कामाच्या दिवशी, सकाळी नऊ वाजता, स्वारगेटहून पुणे स्टेशनपर्यंत सायकलने जाऊन पाहावे. मागेपुढे पोलिसांची गाडी न घेता.