खोली सरकते, जबाबदारी सरकवू नये

आम्हा अमेरिकेतल्या मराठी मित्रमंडळींत सध्या आरव्हीची, म्हणजे चाकांवरच्या घराची, भारी हौस आहे. आई-बाबा भारतातून आले की त्यांना यलोस्टोनला न्यायचं, वाटेत गाडीतच पोहे करायचे, हॉटेल शोधायची कटकट नाही. हौस चांगलीच आहे. पण गाडी घेताना चर्चा होते ती झोपायच्या जागा किती, शेगड्या किती, मायलेज किती याची. भिंतीतून बाहेर सरकणाऱ्या खोलीची, म्हणजे स्लाइड-आउटची, निगा कोण राखणार, हे कुणी विचारत नाही. माझं मत स्पष्ट आहे. ज्याला ही निगा शिकायची नाही, त्यानं स्लाइड-आउटवाली गाडी विकत घेऊ नये. साधी घ्यावी.

भारतातल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. रस्त्यावर ही गाडी साधारण साडेआठ फूट रुंद असते. मुक्कामी पोचल्यावर बटण दाबलं की सोफा-टेबलासकट बैठकीचा भाग दोन-तीन फूट बाहेर सरकतो. हायड्रॉलिक प्रकारात हे काम तेल करतं. बारा व्होल्टच्या बॅटरीवरची मोटर पंप फिरवते, पंप तेलाचा दाब सिलिंडरमध्ये पोचवतो आणि सिलिंडरचा दांडा खोली ढकलतो. जेसीबीचा हात चालतो तोच हा प्रकार, शाळेत पाठ केलेला पास्कलचा नियम.

"पैसे देऊ, मेकॅनिक बघेल," असं आम्ही सॉफ्टवेअरवाले सहज म्हणतो. पण खोली बाहेर अडकली की गाडी जागची हलवता येत नाही आणि मेकॅनिक जंगलात नसतो. मागच्या उन्हाळ्यात मिशिगनमधल्या एका कॅम्पग्राउंडवर शेजारच्या कुटुंबाची खोली आत जाईना. बटण दाबलं की नुसता 'टक्' आवाज. दुपारी जागा सोडायची होती, आजी-आजोबा उन्हात खुर्च्या टाकून बसलेले. पंपच गेला असं सगळ्यांनी धरलं होतं. निघालं काय, तर बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर! तारेच्या ब्रशनं घासल्यावर दहा मिनिटांत खोली आत गेली. पंपाला करंट भरपूर लागतो, म्हणून खोली हळू सरकायला लागली की आधी बॅटरी बघावी, मग पंपाला दोष द्यावा.

दुसरी गोष्ट तेलाची. बऱ्याच गाड्यांत ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं तेल, म्हणजे एटीएफ, वापरतात, पण आपल्या गाडीला कोणतं चालतं ते पुस्तिकेतच बघावं आणि दोन प्रकारची तेलं एकत्र करू नयेत. पातळी बहुतेक गाड्यांत खोल्या आत आणि जॅक वर घेतल्यावर तपासायची असते. खोली बाहेर असताना बरंचसं तेल सिलिंडरमध्ये गेलेलं असतं. तेव्हा टाकी काठोकाठ भरली, तर खोली आत घेताना तेच तेल परत येऊन बाहेर सांडतं.

तिसरी गोष्ट खोलीभोवतीच्या रबरी सीलची. ते पुसून वर्षातून दोन-तीनदा रबराला चालणारं कंडिशनर लावावं. पेट्रोलियमचं काही लावू नये, रबर खराब होतं. आत घेण्याआधी शिडी लावून खोलीच्या छपरावरची पानं, काड्या, बर्फ काढावा. नाहीतर तो कचरा सील फाडतो, पाणी आत झिरपतं आणि लाकडी जमीन आतल्या आत कुजते. त्या दुरुस्तीच्या बिलात भारताची तिकिटं येतील.

बटणही मध्येच सोडू नये. खोली पूर्ण टोकाला पोचल्यावर पुस्तिकेत सांगितलं असेल तेवढे सेकंद दाबून धरावं, म्हणजे दाब पुरता भरतो. पंप बंद पडला तर खोली हातानं आत कशी घ्यायची, व्हॉल्व्ह कुठे, पाना कोणता, याची एक रंगीत तालीम घरच्या ड्राइव्ह-वेवर करावी. रात्री पावसात टॉर्च धरून पुस्तिका वाचण्यात काही मजा नाही.

सगळं स्वतःच करा, असं माझं म्हणणं नाही. होजमधून तेल गळत असेल तर हात लावून शोधू नये. दाबाखालची तेलाची बारीक धार कातडीत शिरते आणि मग थेट ऑपरेशनच लागतं. होज, व्हॉल्व्ह, सिलिंडरचे सील हे मेकॅनिकचंच काम. चालू प्रवासात खोली थोडी थोडी बाहेर सरकत असेल तर तिथेच थांबावं, पुढे रेटू नये. आणि खोली सरकताना नातवंडं आणि आजी-आजोबा कुठे आहेत, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय बटणाला बोट लावू नये. त्या पंपाला समोर सोफा आहे की माणूस, हे कळत नाही.

हाताला तेल लागणं म्हणजे कमीपणा, ही समजूत आपल्यातले बरेच जण डिग्रीबरोबर घेऊन आलो आहोत. ऑफिसात सर्व्हर पडायच्या आधी त्यावर लक्ष ठेवणारे आपण, ज्या गाडीत आई-वडिलांना झोपवतो तिच्या तेलाची पातळी बघायला मात्र माणूस शोधतो. वसंतातला एखादा शनिवार एवढ्या कामाला पुरतो. यंदा यलोस्टोनचं बुकिंग कराल, तेव्हा तो शनिवारही कॅलेंडरवर लिहून ठेवा.