नव्या बसमध्ये कंडक्टर असणार काय?

नवी इलेक्ट्रिक बस येणार म्हटलं की आपल्याकडं चर्चा ठरलेली: एसी आहे काय, पाटी कुठल्या भाषेत. पाटीचं भांडण जुनं आहे आणि ते सोडायचं कारण नाही. पण दारं किती, पायरी किती उंच आणि आत कंडक्टर असणार की नाही, हे कोण विचारतंय? हे प्रश्न एकत्रच विचारावे लागतात. लंडननं ते नीट विचारले नाहीत, आणि महागात पडलं.

लंडनची जुनी लाल डबलडेकर, रूटमास्टर, १९५६ मध्ये रस्त्यावर आली. मागं उघडा प्लॅटफॉर्म, आत कंडक्टर. २००५ मध्ये ती नेहमीच्या मार्गांवरून काढली. २००८ च्या महापौर निवडणुकीत बोरिस जॉन्सन यांनी ती नव्या रूपात परत आणतो म्हणून सांगितलं. (बसवर निवडणूक लढवता येते, हे आम्हाला पॉलिटिकल सायन्सच्या वर्गात कुणी शिकवलं नाही.) थॉमस हेदरविक यांच्या स्टुडिओनं डिझाइन केलं आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये गाडी धावू लागली. तीन दारं, दोन जिने आणि मागचं दार चालत्या गाडीतही उघडं. उघड्या दाराशी माणूस हवा म्हणून कंडक्टर ठेवला, पण तिकिटाचं काम त्याच्याकडं नव्हतं. त्याचा पगार परवडेना. २०१६ मध्ये कंडक्टर काढले आणि ते दारही चालताना बंद झालं. वरच्या मजल्याच्या खिडक्या उघडतच नव्हत्या. प्रवासी उकडून निघाल्यावर त्या नंतर खर्च करून बसवल्या. तिन्ही दारांतून फुकटे चढू लागले, म्हणून २०२० मध्ये पुन्हा फक्त पुढच्या दारानं चढायचा नियम. अशा १००० गाड्या घेऊन झाल्या होत्या!

आपल्याकडं उलटं आहे. इथं कंडक्टरला कामच काम. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात साध्या सरकारी बसमध्ये महिलांना प्रवास मोफत आहे, पण तिकीट द्यावंच लागतं, शून्य रुपयाचं. त्याच हिशेबावर सरकार महामंडळाला पैसे देतं. शिवाय सवलत फक्त राज्यातल्या रहिवाशांना. चंदगडहून बाजाराला आलेल्या मावशीच्या आधारवर महाराष्ट्राचा पत्ता, म्हणून तिला पैसे पडतात. खच्चून भरलेल्या गाडीत प्रत्येकीचं आधार बघायचं, वर सुट्ट्या पैशांची किटकिट, आणि "ही गाडी येळ्ळूरला जाते काय ओ?" याचं उत्तरही द्यायचं. स्क्रीनवर नाव कुठल्याही भाषेत येऊ दे, हे उत्तर स्क्रीन देत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये भाषेच्या वादातून कंडक्टरला मारहाण झाल्याची तक्रार झाली आणि दोन्ही राज्यांमधल्या गाड्या बंद पडल्या. काहींना आवडणार नाही, तरी लिहितो: मराठीत उत्तर मिळावं ही मागणी महामंडळाकडं करायची असते. नेमणूक आणि प्रशिक्षण त्यांच्या हातात आहे. दिवसभर उभा राहणाऱ्या माणसाच्या कॉलरला हात घालून ती पुरी होत नाही.

केंद्राची पीएम ई-बस सेवा २०२३ मध्ये मंजूर झाली. १०,००० बस, ३ ते ४० लाख लोकसंख्येच्या शहरांसाठी. बेळगाव त्या मापात बसतं. यात गाडी खासगी कंपनी चालवते आणि तिला किलोमीटरमागे पैसे मिळतात. बेंगळुरूच्या इलेक्ट्रिक बसमध्ये तर ड्रायव्हर कंपनीचा आणि कंडक्टर महामंडळाचा. म्हणजे गाडी एक, मालक दोन. स्टॉपवर गाडी थांबली नाही तर तक्रार कुणाकडं करायची, हे करारात काय लिहिलंय त्यावर ठरणार.

उंचीचंही तसंच. साध्या बसची फरशी जमिनीपासून ९०० मिलिमीटर, सेमी लो-फ्लोअरची ६५०, लो-फ्लोअरची ४००. गुडघे दुखणाऱ्या आजीला ४०० च बरी, पण खेड्याकडच्या खड्ड्यांत आणि स्पीडब्रेकरवर ती घासेल. शहरात ४००, गावांच्या मार्गांवर ६५०, असं माझं मत. आणि गर्दीच्या मार्गावर दोन दारं हवीत, कंडक्टरसकट.

हे सगळं टेंडर निघायच्या आधी मागावं लागतं. गाडी एकदा आली की पुढची दहा-बारा वर्षं तीच पायरी चढायची आहे. पुढच्या निवेदनात पाटीच्या मागणीखाली फरशीची उंची मिलिमीटरमध्ये लिहा, आणि कंडक्टर महामंडळाचाच हवा, हेही.